आवाज द्यायचं काम

४ मार्च
ड्रायव्हरची नोकरी म्हणून आलो आणि हातात काठी पडली! सव्वाशे मेंढरं, एक पत्र्याची खोली, बाहेर नजर जाईल तिथे दगड आणि वाळू. पाणी दर शनिवारी टँकरने येतं. आज मला सोडायला मुद्दाम वाट वाकडी करून आलेला टँकरवाला खालीवर बघून म्हणाला, हिरो, किती दिवस टिकशील? म्हटलं, फार तर तीन खेपा. मग तुमच्याच गाडीतून पुढचं शहर.
तीन वर्षांत ही पाचवी नोकरी. पाय ठरत नाहीत माझे, काय करू.

५ मार्च
ज्याच्या हाताखाली ठेवलंय तो म्हातारा बोलतच नाही. घशात गाठ आहे. डॉक्टरने महिनाभर तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणून तर मला आणला.
गळ्यात लाकडी क्रूस. बाबांच्या गळ्यात आहे तसाच. मी दुसरीकडे बघितलं.

७ मार्च
फजिती. इथे मेंढ्या मागून हाकत नाहीत, पुढे चालून हाक मारायची. मेंढरांच्या मालकाने काठी हातात देताना म्हाताऱ्याची हाक शिकवली होती, ती जीभ टाळूला लावून अगदी तश्शी मारली. सव्वाशे माना वर झाल्या. सव्वाशे माना खाली गेल्या. चरणं चालू!
म्हातारा पोट धरून हसला, आवाज न करता. मग जवळ आला, कानाशी कुजबुजला, “माझा आवाज चोरू नकोस. तुझा दे त्यांना.”
तुझा दे म्हणजे काय? तर दुपारी त्यांच्यात बसायचं आणि बोलत राहायचं. काहीही. रोज.

८ मार्च
बसलो. काय बोलणार मेंढ्यांशी? टँकरवाल्याला शिव्या दिल्या. त्यांना चालल्या.

११ मार्च
आज एक बघितलं आणि डोकं सुन्न झालं. आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत भिंतीवर चित्र होतं — मेंढपाळ आणि गुडघाभर हिरवं गवत. इथे मी रोज विचारायचो, ही जनावरं खातात काय? सकाळी खाली वाकून पाहिलं. रात्रीचं दव दगडावरून ओघळतं आणि दगडाच्या सावलीच्या बाजूला चार काड्या उगवतात. चारच. एक घास. मेंढी तो खाते, पुढच्या दगडाशी जाते, तिथे पुढचा घास.
उद्याचं गवत आज कुठेच दिसत नाही. आणि एकही मेंढी उपाशी नाही!
आई प्रार्थनेत आजच्यापुरतं मागायची तेव्हा मला वाटायचं, मागतेस तर भरपूर माग की. कळतंय थोडं थोडं.

१४ मार्च
टँकर आला. नाही गेलो. आधीचं सगळं बोलून संपलं होतं म्हणून दुपारी मेंढ्यांना घरचं सांगितलं. बाबा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, झाडलोट करतात, घंटा वाजवतात. संध्याकाळी पायरीवर उभे राहून मला हाक मारायचे — चल रे, घरी चल. हेल काढून. पोरं चिडवायची.
निघताना मी त्यांना म्हणालो होतो, तुमचा देव आणि तुमची घंटा तुम्हालाच लखलाभ. ते पायरीवर उभे होते. हातात केरसुणी होती. त्यानंतर मी फोन केलेला नाही. कुठल्या तोंडाने करू?
हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. टेंगळी नावाची एक म्हातारी मेंढी आहे, ती रवंथ करत ऐकत होती.

१९ मार्च
झोप येत नाही. लिहितो तरी.
खाली कोरडा ओढा आहे. तिथे सावली असते, थोडं हिरवंही. दुपारनंतर मेंढ्या तिथे न्यायच्या नाहीत, हे म्हाताऱ्याने खुणेने तीनदा बजावलं होतं. आज ऊन मरणाचं, आभाळ स्वच्छ. म्हटलं याला काय कळतंय. नेल्या. मी काठावर आडवा झालो.
म्हातारा धावत येताना दिसला. तोंड उघडं, हात वर, आवाज नाही. आणि मग ओढ्याच्या वरच्या अंगाने दहा ट्रक एकदम यावेत तशी घरघर. इथे ढगसुद्धा नव्हता! पाऊस कुठल्या तरी लांबच्या डोंगरावर पडला होता आणि पाणी इथे येत होतं.
मी ओरडलो. काय ओरडायचं ते ठरवलं नव्हतं. “चला रे, घरी चला!” तोच हेल. बाबांचा हेल, गळा माझा. घसा फाटेपर्यंत ओरडत काठ चढत गेलो. मागे बघायची छाती होईना.
बघितलं. टेंगळी माझ्या मागे. तिच्यामागे बाकीच्या, एकामागे एक. माझ्या हाकेला!
शेवटची वर आली आणि खाली तपकिरी भिंत धडधडत गेली. मी गुडघ्यावरच बसलो. तीन वर्षांत बसलो नव्हतो.
एक कोकरू मात्र गेलं.

२० मार्च
म्हातारा पहाटेच ओढ्याच्या कडेने निघाला. मी म्हटलं, काका, बाकी सगळ्या वाचल्या ना, ते आता काय सापडणार. थांबला नाही.
संध्याकाळी आला. कोकरू खांद्यावर, दोन्ही हातांनी पाय धरलेले. मेलेलं. खड्डा खणला, पुरलं, वर दगड रचले.
मी विचारलं, मेलेलं होतं तर एवढ्या लांबून उचलून का आणलंत? डॉक्टरचं न ऐकता तो बोलला. “माझं होतं म्हणून.”
मला एका शब्दाने रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

२१ मार्च
टँकर आला. बोचकं बांधलेलं नव्हतं. टँकरवाल्याकडून फोन मागून घेतला. परवाच्या ओरडण्याने घसा पार गेलाय, खरखर नुसती, माझा आवाज मलाच ओळखू येत नाही. बाबांनी उचलला. मी “हॅलो” एवढंच म्हणालो.
“घसा बसलाय का रे तुझा?” बाबा म्हणाले.
मी नाव सांगितलं नव्हतं.