टाळूवरचं लोणी

वा शहर, बाजाराचा दिवस

कुत्र्याच्या मुंडक्याचा चोर, बोल्गातांग्याचा आळशी, फ्राफ्रा जमातीतला त्यातल्या त्यात बरा अकुरुगू यास त्याचे मालक डाकुरा यांचा अनेक आशीर्वाद. विनंती अजिबात नाही, हुकूम विशेष. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी कशा आहेत? तुझ्या गिनी कोंबड्यांची खुशाली मात्र सविस्तर कळव, मला त्यांचीच काळजी जास्त.

अरे, उगवला! माझ्या टकलावर केस उगवला! एकच आहे, डाव्या कानाच्या वरच्या अंगाला, पण ताठ आहे आणि माझा आहे. सकाळपासून गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला डोकं वाकवून दाखवतोय. (एकीचं दळण सांडलं, पण ते असो.) श्रेय तुझ्या धाकट्या बहिणीचं. नवरा गेल्यापासून आतांपोका इथल्या बाजारात शिया झाडाच्या बियांचं लोणी आणि काळा साबण विकते, आणि तिच्या भाजलेल्या शियाच्या बिया माझ्याच गिरणीवर दळायला येतात. मी सहज विचारलं, डोक्याचं काही होईल का? तिने भोपळा पिकला की नाही बघतात तशी टकलावर टिचकी मारली आणि म्हणाली, "जमीन वाईट नाही रे दगाब्या, मशागत नाही एवढंच."

साबण आधी तळहातावर फेसवायचा, असं तिने बजावलं होतं. पण मी पडलो दगाबा जमातीचा, कुणाचं ऐकतो! ढेकूळच टाळूवर खसाखसा घासलं. त्यात केळीच्या सालींची राख असते, हे डोक्याला लगेच कळलं. बोंबलत धावलो आणि शेजारणीच्या मडक्यातल्या ज्वारीच्या ताज्या दारूत डोकं घातलं. (मी म्हणतो, अर्धं मडकं तरी पिण्याजोगं उरलं होतं. ती म्हणते, नाही.) मग लोणी चोपडून उन्हात बसलो. ते वितळून कानांत, डोळ्यांत. वरून गिरणीचं पीठ उडतंच. दुपारपर्यंत डोक्यावर भाकरी तयार. जरा डुलकी लागते तोच टाळूवर काहीतरी ओलं, खरखरीत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आपण ऐकले होते. जिवंताच्या टाळूवरचं खाणारा माझा बोकडच निघाला. आपणही घरी त्याच लोण्यात भजी तळतो, तेव्हा त्याला तरी काय बोलणार?

हे सांगायला गेलो तर आतांपोका हसून हसून टोपलीवर कलंडली. मग तिची नजर माझ्या भेगाळलेल्या तळहातांवर गेली. तिने माझे हात ओढून घेतले आणि एकेका भेगेत लोणी जिरवत बसली. अकुरुगू, शपथ घेऊन सांगतो, तेवढा वेळ तिने मला एकही शिवी दिली नाही! फ्राफ्रा बाई, समोर दगाबा, आणि शिवी नाही! आधी मला भीतीच वाटली. मग इतका आनंद झाला की घरची वाट चुकलो.

फिरून तिच्याच टोपलीपुढे पोचलो आणि म्हणालो, माझ्याशी लग्न कर. आणि घात झाला! आपल्या दोन जमातींचं हे पणजोबांपासूनचं थट्टेचं नातं: कुत्र्याचं मुंडकं तुम्हीच चोरलं आणि मालक आम्हीच, असं दोघांनीही म्हणायचं. दगाब्याने फ्राफ्रा बाईला 'माझी बायको' म्हणायचं आणि तिने त्याला धुवून काढायचं, हीच रीत. अख्खा बाजार हसला. तीही हसली. "आधी चोरलेलं मुंडकं परत आण, मग बघू, नवरदेवा!" नंतर चर्चचे कपडे घालून पुन्हा गेलो, तर बायकांनी टाळ्या पिटून लग्नाचं जेवण मागितलं. मी जितका गंभीर होतो तितकी लोकांची करमणूक वाढते.

कळावे. लोभ आहे, तो तुझ्या कोंबड्यांवर.

तुझा मालक,
डाकुरा

ता. क. केस बोकडाचा निघाला. आत्ताच वाऱ्याने उडाला.

आणखी ता. क. आता शिव्या बाजूला ठेव. मी एकटा आहे आणि मला आतांपोका हवी आहे. तू तिचा थोरला भाऊ. पुढच्या बाजाराच्या दिवशी माझा भाऊ लग्नाच्या मागणीच्या कोलाच्या बिया घेऊन तुझ्या दारी येईल. थट्टा समजून त्याला परत पाठवलंस, तर मला पुन्हा विचारायचा धीर होणार नाही. पाया पडतो. (पत्र तिच्याच लोण्याच्या टोपलीतून येतंय, पण पाकीट पक्कं चिकटवलंय.)

दादा, ही मी, आतांपोका. लोणी माखलेल्या हातांनी पाकीट चिकटत नाही, हे या शहाण्याला कोण सांगणार! बाजारात सगळे हसले म्हणून मी हसले. घरी येऊन रडले, कारण मलाही ती थट्टाच वाटली. कोला आला की घे. आणि त्या वेळी, तुला माझी शपथ, हसू नकोस.