कधीच न उघडणारं निळं फूल

११ ऑगस्ट, सोमवार
शुद्धलेखनाची माफी. टायपिंगबी स्लो आहे, एकाच बोटानं करून राहिली. पण माफी कोणाले मागून राहिली मी? वाचणार त मीच.
शाळा नववीत सोडली, अभ्यास नाई सोडला. कामिनी मॅडमच्या रानफुलांच्या ग्रुपवर आहे मी. आजपर्यंत फक्त अंगठा पाठवला.
रविवारी प्रत्येकानं एक फूल अन् त्याच्यावर येणारा किडा दाखवून बोलायचं आहे. सगळ्यायसमोर! मी बोलणार. फिक्स.

१२ ऑगस्ट, दुपार
सापडलं! घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर. निळं, हिरव्या द्रोणात मिटलेलं. जेवून परत पाहिलं, तरी बंद. अ‍ॅप म्हणे साधं गवत. अ‍ॅपले काय समजते! नवीन जात आहे.

१३ ऑगस्ट
सहाले उठणार होती. उठली साडेदहाले. डोक्याचं काम करणाऱ्याले झोप लागतेच.
भर उन्हात छत्री घेऊन बसली. एक मुंगी आली, गेली. किडा ठरला.
आई म्हणे, काय वं, कोणाची वाट पाहून राहिली तिथं? पोरगा-बिरगा नाई ना? म्हटलं, मुंगी. आईले पटलं नाई.

१४ ऑगस्ट
ग्रुपवर टाकलं: कधीच न उघडणारं फूल, नवीन जात. मॅडम म्हणे, मग रविवारी सगळे तुझ्याकडेच येतो, सकाळी सातला.
आरशासमोर भाषण पाठ केलं. झकास झालं. आरशात पाहिलं नाई फक्त.

१५ ऑगस्ट
देशभक्तीच्या गाण्यांनी पहाटेच उठवलं. कानात कापूस घातला. रविवारसाठी झोप साठवून ठेवली.

१७ ऑगस्ट, रविवार
प्लॉट निळाभोर! सगळी फुलं उघडी. इवल्या मधमाश्या भिरभिरून राहिल्या. मुंगी एकबी नाई.
मॅडम हळूच म्हणे, बेटा, हा केना. सकाळीच फुलतो, दुपारपर्यंत मिटतो. तू बघतेस कधी?
सगळे माझ्याकडे पाहून राहिले. मी खाली वाकून मुंगी शोधून राहिली.
तेवढ्यात आई ताट घेऊन आली. म्हणे, काहून वं, नवीन जात? महिनाभर याच्याच पानाची भजी हाणून राहिली तू! घ्या जी सगळे, गरम आहेत.
मॅडम म्हणे, आता तरी बोल काही.
बोलली मी. सगळ्यायसमोर, मोठ्यानं. म्हटलं, चटणी पाहिजे का?
सगळे हो म्हणे. म्हणजे भाषण पोचलं.
उद्यापासून सहाले उठणार.
आत्ताच मावशीचा फोन आला. तिच्या पोराचं, पियूषदादाचं, लग्न जमलं. पोरगी भिवापूरची आहे. लग्नात चटणी विचारायचं काम माझं.