चावी गाडीलाच राहू दे

सोम., १० फेब्रु., दौंड

स्कूटीची चावी मिळाली. म्हणजे टेबलावर आली, पण पप्पांचा हात बराच वेळ तिच्यावरच होता. अट: एक महिना. रोज अंधार पडायच्या आत घरी. "आणि एक जरी भानगड झाली ना एस्तू, तर गाडीला कुलूप आणि तू परत कॉलेजात." मी हो म्हटलं. कशालाही म्हटलं असतं.

काम असं: दौंड आणि शिरूर तालुक्यातल्या गावांत जायचं आणि फॉर्म भरायचे. चोरी झाली का, मारामारी झाली का, पोलिसांत गेलात का, बाहेर पडायला भीती वाटते का. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, महिना नीट केलास तर पुढचे सहा महिने तुलाच देते. सहा महिने नुसतं फिरायचं आणि बोलायचं! याला नोकरी म्हणतात हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? मोबाईलचं दुकान, कंपनीतली पॅकिंग लाईन, बी.ए.चं दुसरं वर्ष, सगळं अर्धवट सोडलं ते बरंच झालं.

पप्पांनी किल्लीत त्यांची जुनी शिट्टी अडकवली, रेल्वेत गार्ड होते तेव्हाची. आतला गोळा झिजलाय. टुर्र वाजते आणि शेवटी फुस्स होते.
"अडचण आली की वाजव."
"कोण येणार?"
"कुणीही येतं. शिट्टी ऐकली की माणूस वळून बघतोच."
रिटायर होऊन वर्ष झालं, पण यांच्यासाठी सगळं जग अजून फलाटावरच उभं आहे.

बुध., १२ फेब्रु.

केंदूर. तीनच फॉर्म. रस्त्यात मेंढरं लागली. त्यांच्यात एक घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि एक कोकरू बांधलेलं. ते कोकरू माझ्याकडे असं बघत होतं की मीच त्याला फॉर्म विचारायला आलेय. बघत बसले. अकरा वाजले.

लसूण निवडणारी एक आजी: "चोर आता घरात येत न्हाई गं, फोनात येतो. नातवाला म्हन्ला, तुमचं लाईट बिल ऱ्हायलंय. आन् ह्यो निघाला की बोट दाबायला!"
"मग?"
"मग काय. फोन हिसकला आन् घातला बादलीत."
चोरी: नाही. नुकसान: एक फोन. कुठल्या रकान्यात टाकू?

शनि., १५ फेब्रु.

निमोण्याजवळची एक वस्ती. पंचवीसेक घरं, चहूकडून ऊस, तोड चालू. आवडली जागा. चिंचेखाली सात-आठ गाड्या उभ्या आणि प्रत्येकीला चावी तशीच लटकलेली. मी माझी काढायला लागले तर नाना ओरडले. (नाना म्हणजे इथले पोलीस पाटील. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा.)

"राहू दे, राहू दे, चावी गाडीलाच राहू दे! उसाचा ट्रॅक्टर आला की कुनी बी गाड्या हलवतंय. आन् कुनाला नड पडली तर घेऊन बी जातंय."
"आणि चोरी?"
"कोन चोरनार? समद्यांना ठावं हाय कुनाची गाडी कुठली."

मग त्यांचं लक्ष शिट्टीकडे गेलं आणि चेहराच बदलला. "ही मातर वाजवू नगं हां पोरी. हितं शिट्टी म्हंजी बिबट्या. वाजली की समदी वस्ती काठ्या घेऊन धावती." ऊस तुटायला लागला की बिबटे उघड्यावर येतात, त्यामुळे घरटी एक शिट्टी. नानांची दाराला टांगलेली, प्लॅस्टिकची, हिरवी.

सोम., १७ फेब्रु.

मॅडमचा फोन. "एस्तेर, 'कशामुळे असुरक्षित वाटतं' याच्यापुढे सगळीकडे 'इतर: बिबट्या' लिहिलंयस."
"सगळे तेच सांगतात मॅडम."
"अगं, पण बिबट्या म्हणजे गुन्हा नाही ना."
हे बिबट्याला कुणी सांगितलंय का, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

शुक्र., २१ फेब्रु.

परत नानांची वस्ती. (जायची गरज नव्हती. पण हुरडा होता.)

प्रश्न चौदा: अंधार पडल्यावर एकट्या बाहेर जाता का? आत्तापर्यंत एकाही बाईनं हो म्हटलेलं नाही. आज नानांच्या सूनबाईंचा फॉर्म, मंदावहिनी. चोरी? न्हाई. छेडछाड? न्हाई गं. भीती? कशाची भीती! मग जाता का? "न्हाई बाई."
"का?"
तिनं माझ्या ओंजळीत हुरडा ओतला. मग म्हणाली, "कुनी जातच न्हाई." आणि उलटं मलाच: "तू जातीस?"
मला तर सहाच्या आत दौंड गाठायचं असतं.

सगळे म्हणतात, गुन्हे कमी झाले. झालेही असतील. पण बाया पाचनंतर दारातून हलतच नाहीत, तर त्यांचं काय व्हायचं ते होणार कधी? हा प्रश्न फॉर्मात नाही. मॅडमना विचारायला पाहिजे.

फॉर्म राहिला बाजूला. वहिनीला तोडलेल्या उसाच्या रानात स्कूटी शिकवली. पहिल्यांदा पाचटात घुसली, दुसऱ्यांदा बांधावर चढली, तिसऱ्यांदा सरळ गेली आणि थांबायचं कसं ते विसरली. इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

मंगळ., २५ फेब्रु.

आज घडलं ते आजच लिहिते.

स्कूटी गेली. दुपारी वस्तीतच होते, राहिलेली दोन घरं. चावी गाडीलाच, नेहमीप्रमाणे. साडेचारला चिंचेखाली आले तर गाडी नाही. ट्रॅक्टर येऊन गेला असेल म्हणून पलीकडे बघितलं, शाळेमागे बघितलं, गोठ्यामागे पण. नाही.

नाना आले. "तालुक्याला जायचं आसल तर मी येतो बरूबर, लगेच तक्रार देऊ." पण कागद पप्पांच्या नावावर. फोन नंबर पप्पांचा. तक्रार दिली की पहिला फोन त्यांना. म्हणजे भानगड. म्हणजे महिना संपला, सहा महिने संपले, परत कॉलेजातला तो बाक. रडू आलं. मंदावहिनीनं पाणी दिलं.

"नाना, दुसरं काही नाही का?"
"हाय की. आधी भोंग्यावर सांगू. इहिरीवरच्या मोटरी आल्या हायेत आशा परत, केबल आलीय. शेळी तर येकदा धार काढून आली."

मग देवळाच्या भोंग्यावर नाना: "ऐका, ऐका. करड्या रंगाची स्कूटी, डावा आरसा तडकल्याला, दौंडच्या पाव्हनीची हाय. ज्यानी नेली आसंल त्यानी पारावर आनून लावावी. नाव इचारनार न्हाई. पोरीला उजेडात घरी जायाचंय." शेवटचं वाक्य दोनदा म्हणाले.

भोंगा बंद झाला. वस्ती चिडीचूप. आणि डेरीच्या बाजूनं:

टुर्रर्र... फुस्स.

एका सेकंदात जो गोंधळ! "बिबट्या! बिबट्या आला!" काठ्या, कुऱ्हाडी, कुणाकडे थाळी आणि पळी, कुत्री पुढे. मंदावहिनीच्या हातात उलथनं. मी सगळ्यांच्या पुढे पळाले. नाना मागून बोंबलतायत, "पोरी, मागं हो! मागं हो!" आणि मी पुढून, "नाना, ती माझी शिट्टी आहे!"

डेरीसमोर माझी स्कूटी. स्कूटीवर दगडूआबा, सत्तरी पार. पुढे पायाशी दुधाच्या दोन किटल्या, डोक्याला टॉवेल, हातात काढलेली किल्ली, तोंडात पप्पांची शिट्टी. भोवती अख्खी वस्ती काठ्या उगारून. आबांनी हळूच तोंडातली शिट्टी काढली.

"काय रं? मी काय चोरलं का काय?"

नाना धापा टाकत: "व्हय!"

आबांच्या पुतण्याची स्कूटीही करडी. आबांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. संध्याकाळचं दूध घालायची वेळ झाली, चिंचेखाली करडी गाडी दिसली, चावी होती, निघाले. डेरीच्या मशीनचा आवाज, भोंगा ऐकूच गेला नाही. "आन् किल्लीला ह्ये काय लोंबतंय, म्हून फुकून बघितलं."
कुणीतरी: "आबा, पन बिबट्या कुठाय?"
"मला काय ठावं! मलाच तुमी घेरलंय."
मग जे हसणं सुटलं! डेरीवाला मशीन बंद करून बाहेर आला. एक जण हसता हसता काठीवरच बसला. मी रडतही होते आणि हसतही होते, दोन्ही एकदम.

आबांनी टॉवेलनं सीट पुसून दिली आणि घरातनं खरवसाचा डबा आणून हातात कोंबला. "गाय कालच व्यालीय. चोराकडनं ऱ्हाऊ दे."

घरी दिवे लागलेले. पप्पा गेटवर, घड्याळ बघत. "लेट."
"सिग्नल मिळाला नाही."
पप्पा हसले. मला काही हसू आलं नाही.

बुध., २६ फेब्रु.

आई: "खरवस कुणी दिला?" म्हटलं, कामावरचे एक आबा आहेत. खरंच आहे. म्हणजे जवळजवळ.

नानांचा फोन: "वाहन चोरीला 'न्हाई' लिव्ह हां. गावाचं नाव खराब हुईल." मॅडमना सगळं सांगितलं. खूप वेळ हसल्या, मग गंभीर झाल्या. गेलं आणि परत आलं याला आपल्याकडे रकानाच नाही, म्हणाल्या. "तू फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहीत जा. भोंगा, नाव न विचारणं, सगळं." आता मागची बाजू पुढच्यापेक्षा भरते.

रवि., २ मार्च

चर्चमधून आल्यावर पप्पांना सांगितलं. चारेक दिवस पोटात ठेवलं होतं, आंबायला लागलं. चावी गाडीला ठेवली इथपासून 'सिग्नल'पर्यंत. उलथनं, किटल्या, सगळं. आई मध्येच हसायला लागली. पप्पा नाही.

झाल्यावर एकच विचारलं: "शिट्टी वाजली?"
"वाजली."
"कितीजण आले?"
"सगळे."
पप्पा उठून आत गेले. भानगड झाली का नाही, ते काहीच बोलले नाहीत. महिना संपायला आठच दिवस.

शुक्र., ७ मार्च

शिट्टीचा गोळा बदललेला. न बोलता. आता फुस्स होत नाही. मला ते फुस्स आवडायचं.

संध्याकाळी पप्पांचा फॉर्म भरायला बसले. सराव म्हणून सांगितलं, पण खरं तर ऐकायचं होतं.
"वय?"
"तुला माहिती नाही?"
"चोरी?"
"नाही. तीन कुलपं आहेत."
"आपला परिसर सुरक्षित वाटतो का?"
यार्डात इंजिन ओरडलं. मग: "संध्याकाळी गाडीचा आवाज आला की वाटतो."
त्याला तर रकाना नाहीच. मागच्या बाजूला लिहिलं.

तेवढ्यात मंदावहिनीचा फोन, ओरडतच. स्पीकरवर टाकायची गरजच नव्हती. "एस्तू! आज आबांच्या किटल्या म्या नेल्या! पुतन्याच्या गाडीवर! दिवं लागल्यावर म्हागारी आले, एकली! आबा म्हनले, तुला दोन्ही डोळ्यांनी दिसतंय, तूच घाल आता रोज!"
"भीती?"
"वाटली की. मग गाणं म्हन्लं. आगं, माझा तो चौदावा बदलता येतो का?"
येतो म्हटलं. येत असेल. पहिलं 'हो'.
फोन ठेवला तर पप्पा माझ्याकडेच बघत होते. "गाणं कुठलं म्हणे?" त्यांनी विचारलं. वहिनीला ते विचारायचं राहिलंच.

सोम., १० मार्च

महिना झाला. मॅडमचा काल मेसेज: सहा महिन्यांचं पक्कं, उद्या दहाला फोन करते, घरी विचारून ठेव. विचारलं. पप्पा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे काहीही असू शकतं.

सकाळी चावी घ्यायला गेले तर खिळा रिकामा. शिट्टीपण नाही. गाडीला कुलूप म्हणाले होते. आईला विचारलं, पप्पा कुठे? "यार्डाकडे गेले, रोजच्यासारखे."

बाहेर आले. स्कूटी गेटबाहेर रस्त्यावर उभी. धुतलेली. तडक्या आरशाच्या जागी नवा आरसा. आणि चावी गाडीलाच, शिट्टी खाली डुलतेय. इथे, दौंडात, भर रस्त्यावर! जो माणूस पाण्याच्या टाकीलाही कुलूप लावतो, त्यानं.

विसरले असतील? पप्पा काही विसरत नाहीत. पण मग असं ठेवून सरळ निघून जायचं, विचारायलाही थांबायचं नाही...

समोरच्या काकू: "एस्तू, चावी राहिलीय गं गाडीला!"
"राहू दे काकू."

दहाला दोन मिनिटं आहेत. पायरीवर बसून लिहितेय, फोन मांडीवर. लांब यार्डात कुणाची तरी शिट्टी वाजली, मी वळून बघितलं.

फोन वाजतोय.