करंजी घाटातली चाचणी

अण्णा,

येत्या शनिवारी आम्ही अलिबागला चाललोय. मी, माझी मुलगी, जावई आणि सहा वर्षांचा नातू. ते पुण्याला राहतात. मी शुक्रवारी शाळा सुटली की सावेडीहून निघून त्यांच्याकडे मुक्कामाला जाणार, शनिवारी पहाटे त्यांच्या गाडीनं पुढे, रविवारी दुपारचं जेवण करून परत. एवढी साधी गोष्ट, पण गेले पंधरा दिवस फोनवर नुसता धुरळा उडालाय. खोली समुद्रासमोरची घ्यायची की आतली, पाण्यातल्या किल्ल्यात ओहोटी बघून चालत जायचं की काठावरूनच नमस्कार करायचा, नातवाला मासे चालतील का, आणि मला काय चालेल. जावई भरती-ओहोटीच्या वेळा पाठवतो, मुलगी त्यावर हसरे चेहरे पाठवते, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तुम्ही असतात तर सगळ्यांना ओळीनं उभं केलं असतंत आणि अर्ज लिहून आणायला सांगितलं असतंत.

तुमच्या त्या अर्जांची गंमत मी शाळेत कधी कधी सांगते. शिक्षिका पोट धरून हसतात. भिंगारच्या क्वार्टरमध्ये चार माणसांचं घर, आणि त्या घरात काही हवं असेल तर फुलस्केपच्या अर्ध्या कागदावर डावीकडे समास सोडून लिहायचं. विषय अमुक अमुक मिळण्याबाबत. कागद तुमच्या मेजावरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि तीन दिवस विचारायचं नाही. डेपोच्या स्टोअरमध्ये तुम्ही कारकून होतात, तिथं साहेबासमोर तुमची मान वर होत नसे हे मी एकदा डबा द्यायला आले तेव्हा पाहिलंय. घरी आलात की साहेब तुम्हीच. चौथ्या दिवशी लाल शाईत शेरा पडलेला असायचा. मंजूर, नामंजूर, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे ‘विचाराधीन’. धाकट्यानं चपलेसाठी केलेला अर्ज एवढा विचाराधीन राहिला की त्याचा पाय वाढला आणि नव्या मापाचा नवा अर्ज करावा लागला. इथं सगळे हसतात. मीही हसते. पुढचं मी सांगत नाही.

पुढचं असं, की आईलाही अर्ज करावा लागायचा. ती चौथी शिकलेली. तिचे अर्ज मी लिहायची. मी अकरा वर्षांची असताना मे महिन्यात तुम्ही जाहीर केलंत की यंदा अलिबागला जायचं, समुद्र बघायचा. शनिवार-रविवार, एक मुक्काम तुमच्या ओळखीच्या एका माणसाकडे. आम्हां दोघा भावंडांचे अर्ज त्याच दिवशी मंजूर झाले. आईनं मात्र चुलीपुढं बसून मला दोनदा लिहायला लावलं. ‘समुद्र पाहण्यास सोबत नेण्याबाबत’ हे मी माझ्या मनानं घातलं. ती म्हणाली, “आन् आता गाडी लागत न्हाई म्हनून बी लिव.” मी म्हटलं, अगं लागते की. तर म्हणाली, “लिव तू. मी बघते काय करायचं त्ये.” चार दिवसांनी तुमचा शेरा आला : अर्जदारास गाडी लागते. घाटात चाचणी घेऊन निर्णय कळविण्यात येईल.

मला आजही तो रविवार सगळाच्या सगळा दिसतो. माळीवाड्याच्या स्टँडवरून आपण चौघं पाथर्डीच्या गाडीत बसतो. जायचं कुठंच नाही. करंजी घाट ओलांडायचा, पाथर्डीत उतरून चहा प्यायचा, आल्या गाडीनं परत. आईनं आदल्या दिवसापासून पोटात काही घेतलेलं नाही, पदराच्या गाठीत लिंबू आहे. तुम्ही तिच्याशेजारी बसलाय आणि मनगटावरचं घड्याळ मांडीवर काढून ठेवलंय. हा घाट तुम्ही मुद्दाम निवडलात. तिच्या माहेराचा रस्ता तो, आणि माहेरी जाताना ती प्रत्येक वेळी याच वळणांवर खिडकीबाहेर वाकलेली असायची, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या गावचा फाटा आला तेव्हा तिनं नुसतं तिकडं बघितलं. तिची आई तेव्हा जिवंत होती, फाट्यापासून कोसभर आत. तुम्ही म्हणालात, “आज चाचणी आहे, माहेरपण नाही.” ती काही मागत नव्हती हो. नुसती बघत होती.

मी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या उलट्या बाकावर, तिच्या बरोबर समोर. जाताना काही झालं नाही. येताना घाटात तिचं तोंड पांढरं पडलं, ओठ घट्ट मिटले, गाल फुगले. मग गळा हलला. एकदा, आणि थोड्या वेळानं परत एकदा. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पदरानं असं पुसलं जसं धूळ गेलीय. तुम्ही त्या वेळी घड्याळाकडे बघत होतात. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि हसली. अण्णा, ती पास झाली होती.

स्टँडच्या नळावर ती चूळ भरत असताना तुम्ही मला बाजूला घेतलंत. “तू समोर होतीस. काय दिसलं ते खरं सांग.” मी लगेच सांगितलं. “तोंडात आलं होतं. तिनं गिळलं.” तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. असा हात तुम्ही फार वेळा ठेवला नाहीत, म्हणून मला तो मोजून आठवतो. “शाबास. या घरात एक तरी खरं बोलणारं माणूस आहे,” असं आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालात. ती नळ बंद करत होती. तिनं मान वर केली नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की मी तुम्हाला भ्यायले होते. मी भ्यायले नव्हते. तुम्ही खोटं पकडलं नसतंत, तुम्हाला कळलंच नव्हतं. मला ती नको होती. बोरघाटात ती खिडकीबाहेर वाकणार, मागचे लोक शिव्या घालणार, तिच्या लुगड्याला वास येणार आणि तो वास घेऊन आम्ही समुद्रावर जाणार, हे सगळं त्या नळापाशी माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला माझा समुद्र स्वच्छ हवा होता. म्हणून मी खरं बोलले.

आपण तिघं गेलो. मी चिक्कार खेळले, हे कबूल करते. तिची आठवण मला पहिल्यांदा आली ती परतीच्या गाडीत, भूक लागल्यावर. घरी आलो तर तिनं गरम पाणी काढून ठेवलं होतं. आमचे पाय धुताना बोटांच्या बेचक्यांतली वाळू बघत राहिली आणि म्हणाली, “पानी खरंच खारट असतं व्हय?” तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालात, “घरात मीठ आहे. पाण्यात टाक आणि चाखून बघ.” धाकटा हसला, मीही हसले. दुसऱ्या दिवशी तिनं मला एकटीला गाठून विचारलं, “लई मोठा असतो का गं?” मी म्हटलं, “नुसतं पाणी. काही नाही त्यात.” मला वाटलं, असं म्हटल्यावर तिला बरं वाटेल. खरं म्हणजे मला सांगायचा कंटाळा आला होता.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. दहाव्याला पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. भटजी म्हणाले, भाग्यवान माणूस, मागं काही इच्छा राहिली नाही. कशी राहील? आम्ही दर्भाचा कावळा करायची वेळ आली नाही याचं सगळ्यांना केवढं कौतुक. आईनं तुमच्या अर्जांचे गठ्ठे बंबात घालून पाणी तापवलं, आणि त्या पाण्यानं पहिली अंघोळ तिनं केली. हे तुम्हाला लागावं म्हणूनच लिहितेय. धाकटा आता नाशिकला असतो, फोनवर आईच्या गोळ्यांची नावं विचारतो आणि ठेवतो. माझे यजमान गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे.

ऐंशीला टेकलीय ती. समुद्र अजून पाहिलेला नाही. तुम्ही असेपर्यंत प्रश्नच नव्हता, आणि नंतर कधी माझी शाळा, कधी मुलीचं लग्न, कधी तिचं बाळंतपण. यंदा मुलीनं अलिबागचं काढलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी आईला जाऊन सांगितलं, “तुला समुद्र दाखवते.” सांगताना छाती अशी भरून आली होती! तुमच्या नाकावर टिच्चून दाखवणार होते मी. आणि ती, अण्णा, लगेच तयारीला लागली. सोसायटीच्या आवारात रोज संध्याकाळी फेऱ्या मारायला लागली, वाळूत पाय रुततात असं कुणीतरी सांगितलं म्हणून. गेल्या आठवड्यात मला न सांगता, दिवसभर तिच्याजवळ असते त्या बाईला घेऊन रिक्षानं पार भिंगारपर्यंत जाऊन आली. मी घरी आले तर दारातच उभी. “जाऊन आले. कायबी झालं न्हाई. हिला इचार.” बाईला पुढं केलं साक्षीला. मी कुठलीही चाचणी मागितली नव्हती.

मग मुलीचा फोन आला. आजीला झेपेल का गं, एवढंच म्हणाली. जावई भला माणूस, तो म्हणाला, येऊ देत की, जागा आहे. जागा आहेच. अडचण जागेची नाही. अडचण तिला दर तासाला लागणाऱ्या लघवीची आहे, नव्या गाडीच्या सीटांची आहे, एकच गोष्ट चार वेळा विचारण्याची आहे, रात्री खोलीत माझ्याच शेजारी घोरण्याची आहे. वर्षभर मी हेच करते. दोन दिवस मला कुणाची मुलगी व्हायचं नव्हतं. शाळेत पालकांना नाही म्हणताना माझी जीभ अडखळत नाही, मुख्याध्यापिका आहे मी, पोरी मला बघून जिन्यात बाजूला होतात. मुलीला मी म्हटलं, “नको. तिला नाही झेपणार.” कुणी वाद घातला नाही. सगळ्यांना तेच हवं होतं, पण कुणीतरी बोलायला हवं होतं.

आज दुपारी शाळेतून लवकर आले ते आईला सांगायलाच. ती ओट्यापाशी स्टूल घेऊन दशम्यांचं पीठ मळत होती. पाण्याचा थेंब नाही, नुसतं दूध आणि गूळ, म्हणजे चार दिवस टिकतात. पिठाचा डोंगर बघून मी म्हटलं, आज तर बुधवारच आहे. म्हणाली, “आजच करून ठिवते. ऐनवेळी दमले म्हंजी न्हेनार न्हाई तुमी.” मी पाणी प्यायले. मग म्हटलं, “आई, अलिबागचं रद्द झालं. खोल्या मिळाल्या नाहीत. मी पुण्याला नातवाकडे जाऊन येते दोन दिवस.”

तिचे हात थांबले नाहीत. मळता मळताच म्हणाली, “बाईला तर तू परवाच सांगितलंस म्हनं, शुक्रवार-शनवार मुक्कामाला ये, मी अलिबागला चाललेय.”

बाईला गप्प राहायला सांगायचं मी विसरले होते. एवढी वर्षं शाळा चालवतेय, आणि ही चूक. मी ओट्याला टेकून उभी राहिले. म्हटलं, आई, तुझ्या तब्येतीसाठीच. ती म्हणाली, “व्हय.” मग गोळा परातीत उलटा केला, त्याच्यावर फडकं टाकलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुजे अण्णा निदान तोंडावर न्हाई म्हनायचे.”

तेवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. तवा ठेवला आणि दशम्या लाटायला घेतल्या.

बावीस वर्षांत तिच्या तोंडून तुमच्याबद्दल एक बरा शब्द मी ऐकला नव्हता. आज ऐकला, आणि तो मी मिळवून दिला तुम्हाला. मला तिची दया यायला हवी होती. आला तो राग आला, आणि तोही तिचा नाही, तुमचा. मेल्यावरसुद्धा तुम्ही माझ्यापेक्षा वरचढ ठरलात म्हणून. त्याच तिरमिरीत मी लिहायला बसले. तुम्हाला पाठवायचं तर पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायची हिंमत नाही.

आता ती आत आडवी झालीय. जावयाचा मघाशी पुन्हा फोन येऊन गेला, खालच्या मजल्यावरची एक खोली रिकामी आहे, पायऱ्या नाहीत, आजींना चालेल, उद्यापर्यंत सांगा. मी म्हटलं, विचारते. विचारलेलं नाही. उद्या त्याला काय सांगायचं ते मी ठरवलंय, अण्णा. मी म्हणणार आहे, आईच नको म्हणाली.