लाल फुलीच्या दिवसाची सुतळी

मी, केशरबाई देवमन तायडे, वय ब्याऐंशी, राहणार वलगाव, जिल्हा अमरावती. मला अक्षर येत नाही, म्हणून वकील मनोज यांना सांगून हे मृत्युपत्र लिहविते. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. परवा हृदयाचे ऑपरेशन आहे आणि मले लय भेव वाटून राहिलं. हे खोडू नको रे मनोज, तसंच लिही.

१. घर मुलगा स्वप्निल व सून माया यांना सारखे. माया, माझ्या खोलीत लगेच कांदे भरू नको. परत आले तं झोपू कुठं?

२. माझे पती देवमन अकोल्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेत शिपाई होते. ते सांगत, "सूर्यावरून वारा सुटते. तो आला का यंत्रातली रेघ थरथरते." सूर्य स्वतःभोवती फिरून सत्तावीस दिवसांनी तेच तोंड दाखवतो, म्हणून तोच वारा पुन्हा येतो. मी रोज सुतळीला बारीक गाठ मारी, रेघ थरथरली असे ते घरी येऊन सांगत त्या दिवशी मोठी. वर्षाला एक, अशा बावीस सुतळ्या. अकरा-अकरा वर्षांनी मोठ्या गाठींची गर्दी होते, मग ओसरते. ओसरतीच्या वर्षांत मोठ्या गाठी सत्तावीस दिवसांचा वायदा पाळतात. सगळ्या सुतळ्या नात दीपमालाला.

३. चौऱ्याण्णव साली, आम्ही वेधशाळेजवळच राहत असू तेव्हा, मी डबा द्यायला गेले; ते साल ओसरतीचंच. लोखंडानेही रेघ हलते म्हणून तिथे ते न्यायची मनाई, आणि कमरेचा विळा काढायचा विसरले. त्याच दिवशी रेघ थरथरली. साहेबांनी कागदावर लाल फुली मारून "विळा" लिहिले व देवमनला कामावरून काढले. त्यांनी विळा उचलून माझ्या हाती परत दिला. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

सांजच्याला गाठी मोजल्या. मागच्या मोठ्या गाठीपासून सत्तावीस. म्हणजे विळा नव्हता, वारा होता. पण साहेबापुढं सुतळी घेऊन जायले भ्याले. देवमन गेले तोवर त्यांनाही सांगितले नाही. पुन्हा कधी मोजल्या नाहीत. चुकले असेन तं?

४. दीपमालाने ती चौऱ्याण्णवची सुतळी वेधशाळेत दाखवून लाल फुली दुरुस्त करून घ्यावी. गाठी सत्तावीस भरल्या नाहीत तर चुलीत घालावी. विळा मायाला. धार आहे, तिच्या जिभेएवढी नाही.

मनोज म्हणतो, आत्ताच मोजू. माझ्याच्यानं मोजवत नाही, म्हणून शेजारचा पुंजाराम मोजून राहिला.

"पंचवीस... सव्वीस..."

"हळू रे बापा."

"काकू, मोठी गाठ आली."

"किती?"

"सत्तावीस."

आणा आता शाई. भेव गेलं नाही, पण आता ते फक्त ऑपरेशनचं आहे.

केशरबाई देवमन तायडे, डावा अंगठा

साक्षीदार:
पुंजाराम खंडारे (गाठी मोजल्या)
पौर्णिमा मोहोड (पुन्हा मोजल्या, तितक्याच)

वलगाव, १७ जानेवारी २०२६