डाव्या पोटरीतलं इंजेक्शन आणि माझं गप्प राहणं

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर, डाव्या पायाला अजून पट्टा आहे). भावजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे ठीक, मीही आता ठीक.

तुझं पाहून मीही पायाच्या फुगलेल्या शिरांत इंजेक्शन घ्यायचं ठरवलं. तीस वर्षं खुर्चीमागे उभं राहून लोकांचे केस कापले, त्याचं फळ पोटऱ्यांवर निळंजांभळं उमटलंय. डॉक्टरीणबाई तरुण, पण हात हलका (माझा वस्तरा बिनघोर दिला असता). सुई टोचताना म्हणाल्या, "आता अजिबात हलू नका." हे वाक्य मी गिऱ्हाइकांना दिवसातून वीसदा ऐकवतो, आणि गळ्याशी वस्तरा असताना जो हलतो त्याच्याबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. तेव्हा मी निपचित पडून राहिलो. तळवे खाजायला लागले, हललो नाही. पोटावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तरी हातात काम असलेल्या कारागिराला टोकायचं कसं, म्हणून गप्प. घसा आवळायला लागला तेव्हा बोलावंसं वाटलं, तर आवाज फुटेना. नर्सबाईंचं लक्ष तोंडाकडे गेलं म्हणून निभावलं. मांडीत उताऱ्याचं इंजेक्शन, नाकाला ऑक्सिजन, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मुक्काम. डॉक्टरीणबाई म्हणतात, काही वाटलं तर सांगा, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. बजावलं होतं खरं, पण तसं मीही गिऱ्हाइकांना म्हणतो. कुणी खरोखर सांगायला लागलं तर मला राग येतो.

ही बाहेर बाकावर होती. आत बोलावल्यावर माझं तोंड हिने ओळखलंच नाही, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांची काळजीने विचारपूस करत बसली. (ते गृहस्थ सुखावले.)

बाकी क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. शिरा होत्या तशाच आहेत.

ता. क. दुसरा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि गंभीर पत्र अर्धवट ठेवतेस, म्हणून वरचं सगळं लिहिलं. पहिल्या इंजेक्शननंतर तुझ्या अंगावर पित्त उठलं होतं आणि तू ते उष्णतेवर ढकललंस, हे मला हिच्याकडून काल कळलं. तुझ्या चिठ्ठीवरचं औषध आणि माझं, दोन्ही एकच. सोमवारी तुझं दुसरं इंजेक्शन आहे. डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय सुई टोचून घेऊ नकोस. मी फार घाबरलो होतो, ताई.

भावजींना वेगळं पत्र टाकलंय. त्यात विनोद नाही.