पतिरामचा पट्टा

८ एप्रिल १९५७, सोमवार. सौंदड

सकाळच्या गाडीने उतरलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि धानाच्या कोरड्या बांध्यांपलीकडे चिमणी दिसली. नव्वद फूट उंच, विटांची, टोकाला जरा वाकडी. गेल्या पावसाळ्यात वीज पडून तिचा वरचा पंधरा फूट भाग तडकला आहे. तो उतरवून नव्याने बांधायचा आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळायचा, एवढं काम. वर्धा सोडून पहिल्यांदाच स्वतंत्र काम मिळालं आहे. कागदावर लिहिलं आहे, 'वामन खोलकुटे, सुपरवायझर'. गाडीत तो कागद मी तीनदा काढून पाहिला.

राइस मिल हंगाम संपल्यामुळे बंद आहे. मिलचे मॅनेजर श्यामलालजी गोंदियाचे, हिंदी-मराठी मिसळून बोलतात. त्यांनी गोदामाशेजारची खोली दिली, माठ भरून ठेवला होता. आवारात मोहाचं मोठं झाड आहे. सगळ्या जागेला त्या फुलांचा गोड वास येतो. मला इथे बरं वाटणार.

११ एप्रिल, गुरुवार

बांबूची परांची टोकापर्यंत चढली. वर काम करणारे दोनच मिस्त्री आहेत, दोघंही केशोरीकडचे गोंड. लालसिंग वयाने मोठा, कमी बोलणारा. पतिराम त्याचा बहीणजावई, तिशीतला. पतिरामची बायको दुर्पता खाली चुना कालवते आणि टोपल्या दोराला बांधून वर पाठवते.

नागपूरहून दोन पट्टे आले आहेत. रुंद चामड्याचे, कमरेला आवळायचे, खांद्यांवरून दोन बंद, पाठीशी लोखंडी कडी. चिमणीच्या लोखंडी वळ्याला बांधलेल्या दोराचा आकडा त्या कडीत अडकवायचा. दोघांनी असला पट्टा कधी पाहिला नव्हता. लालसिंग म्हणाला की बैलाले जुपून राहिले का आमाले. सगळे हसले. मीही हसलो, पण मग मोहाखाली बसवून नीट समजावलं. रोज चढण्याआधी शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहायची. दोर डोक्याच्या वर बांधायचा, बांबूला कधीच नाही, आणि ढिला सोडायचा नाही. सगळ्यात महत्त्वाचं, ज्या पट्ट्याने एकदा पडणारा माणूस झेलला तो पट्टा संपला. वरून धड दिसला तरी आतली शिवण उसवलेली असते. तो कापून टाकायचा.

पतिरामने हे सगळं मला परत म्हणून दाखवलं. दुर्पता बाजूला उभी राहून ऐकत होती. तिनेही कडी ओढून पाहिली.

१९ एप्रिल, शुक्रवार

आज जीव उडाला होता. दहाच्या सुमारास लालसिंगचा पाय फळीवरून सरकला. ओरडण्याआधीच तो खाली गेला आणि सहा फुटांवर दोराला लटकला. पतिरामने त्याला ओढून घेतलं. खाली उतरल्यावर लालसिंग बराच वेळ माझे हात धरून बसला. दुर्पताने सगळ्यांना गूळ वाटला. श्यामलालजींनी पाठ थोपटली, म्हणाले, "आपने तो बचा लिया, बाबूजी." मी फुगलो, खोटं कशाला लिहू.

पट्टा बाजूला काढून ठेवला आहे.

२० एप्रिल, शनिवार

नवा पट्टा यायला दहा दिवस तरी लागतील. एका पट्ट्यावर एकच माणूस चढेल. लालसिंग सांगतो की दहा-बारा दिवसांत विडीसाठीच्या तेंदूपत्त्याची तोडाई सुरू होईल, मग सगळी माणसं जंगलात जातील, कोणी थांबणार नाही. चिमणी अर्धी राहिली आणि पाऊस आला तर माझं पहिलं काम माझं शेवटचं ठरेल.

शिवण मी पाहिली. वरून तरी धड दिसते.

२२ एप्रिल, सोमवार

पट्ट्याला तेल लावून पुसला. नव्यासारखा झाला. लालसिंगला सांगितलं की पार्सलने दुसरा पट्टा आला. त्याने विचारलं, तो जुना कुठं? म्हटलं, कापून टाकला. चांगला पट्टा मी लालसिंगला दिला आणि हा पुसलेला पतिरामला. लालसिंगने अंगावर चढवताच तो ओळखला असता, म्हणून.

पतिरामने मी शिकवल्याप्रमाणे शिवण ताणून पाहिली. एक जागा अंगठ्याने दाबत राहिला. "बाबू, हे इथं नरम लागून राहिलं."

मी म्हटलं, नवं चामडं असंच असतं, मी स्वतः तपासला आहे.

"तुमी पायलं ना, मंग झालं," म्हणाला आणि चढला.

२४ एप्रिल, बुधवार

दुपारी पतिराम चिमणीवरून पडून मरण पावला. उकाड्यामुळे त्याने पट्टा काढून ठेवला होता. फौजदार येऊन जबाब घेऊन गेले.

२६ एप्रिल, शुक्रवार

वर लिहिलं आहे ते खोटं आहे. जबाबातही तेच दिलं, तेही खोटं.

सगळे जेवायला मोहाखाली बसले होते. पतिराम एक थर संपवायला वर थांबला होता. मी चिमणीच्या मागच्या अंगाला सावलीत उभा राहून वर पाहत होतो. वीट ठेवायला तो बाहेर वाकला, फळी सरकली. दोर ताणला गेला. तो तिथे थांबला. एक क्षणभर पट्ट्याने त्याला धरलं होतं, आणि त्याने खाली माझ्याकडे पाहिलं. मग शिवण फाटल्याचा आवाज खालपर्यंत आला.

माणसं धावत येईपर्यंत मला किती वेळ मिळाला असेल? शंभर आकडे मोजावेत इतका. तेवढ्या वेळात मी त्याच्याजवळ बसलो, तो मेला आहे हे पाहिलं, आणि त्याच्या कमरेचा पट्टा सोडला. चामड्यातून कडी उपटून निघाली होती. पट्टा सदऱ्याखाली कोंबला. नंतर मिलच्या जुन्या विहिरीत टाकला. काढलेला पट्टा कुठे आहे, हे फौजदारांनी विचारलंच नाही.

पहिली पोचली दुर्पता. तिच्यासमोर मी म्हणालो, पट्टा लावला नव्हता त्याने. त्याचं अंग अजून गरम होतं. माझं तोंड त्याच्या कानापासून हातभर अंतरावर होतं.

२९ एप्रिल, सोमवार

गावात सगळ्यांना माहीत झालं की पतिराम स्वतःच्याच हलगर्जीपणाने मेला. श्यामलालजी मला धीर देतात, आपकी गलती नहीं. लालसिंग माझ्याकडे पाहत नाही. वडिलांचं पत्र आलं आहे, काम कसं चाललंय म्हणून विचारतात. फोडून ठेवून दिलं.

पट्ट्याची कडी अजून वर दोराच्या आकड्यात अडकून आहे. कोणी वर गेलं तर दिसेल. म्हणून काम बंद ठेवलं. कारण सांगितलं, सुतक.

१ मे, बुधवार

भर दुपारी, आवारात चिटपाखरू नसताना, वरून आवाज आला. खट. लोखंडावर लोखंड. थोडा वेळ गेला, मग पुन्हा खट. आकडा कडीत बसताना येतो तो आवाज. मग तो काढल्याचा. मग पुन्हा बसवल्याचा.

वारा असेल म्हणून मोहाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं.

२ मे, गुरुवार

बारा ते दोन, सारखा. मी मोजत बसलो आणि मग मोजणं सोडलं. श्यामलालजींनाही ऐकू आला. म्हणाले, हवा होगी. मग दाराची कडी लावून आत बसले.

लालसिंग फाटकापाशी उभा होता. किती वेळ होता कोण जाणे. वर बघत होता. मी खोलीत आलो.

४ मे, शनिवार

आज पतिरामचा दोर पाहिला. इतके दिवस वाळक्या वेलीसारखा लोंबत होता. आज ताणलेला आहे, सरळ ओळंब्यासारखा. टोकाला त्या कडीशिवाय काहीच नाही. आणि जरा जरा झुलतो.

अन्न जात नाही. शिवण फाटल्याचा तो आवाज रात्री नाही, दिवसाच ऐकू येतो. कोणी धोतर फाडलं तरी —

६ मे, सोमवार

दुर्पता आली. चिमणीच्या बुडाशी बसली, चुना कालवायची त्या जागेवर. सोबत लालसिंग. मी बाहेर जाणार नव्हतो. श्यामलालजींनी हाक मारली म्हणून गेलो.

वर खट खट चाललं होतं. तिने बोट वर केलं.

"ऐकून राहिले ना? पट्टा लावून राहिला तो. लावते, काढते, परत लावते."

लालसिंग म्हणाला, चल, घरी चल. ती उठली नाही.

"तुमी त्याच्या कानापाशी म्हटलं, यानं लावला नोता. त्यानं आयकलं. त्याले वाटते, आपुनच चुकलो. म्हणून वरच हाय. घरी येऊन नाही राहिला. लाज वाटते त्याले." मग माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "लावला होता का नोता?"

मी म्हटलं, नव्हता.

पुन्हा म्हटलं मी. तिच्या डोळ्यांत पाहून. वरचा आवाज त्या क्षणी थांबला, आणि मग दुप्पट वेगाने सुरू झाला. खटखटखट. घाई झालेल्या माणसासारखा. चूक सुधारायला धडपडणाऱ्यासारखा.

ती रडली नाही. फक्त दोन्ही कान झाकून घेतले.

७ मे, मंगळवार

थांबत नाही. सकाळपासून. झोप नाही. तो चुकला नव्हता. त्याने शिवण पाहिली होती, त्याने मला दाखवली होती, अंगठा ठेवून —

बाहेर माणसं जमली आहेत. दुर्पता कालपासून तिथेच बसून.

७ मे, अकरा वाजता

सांगितलं. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. लावला होता, पट्टा खराब होता, मला ठाऊक होतं. लालसिंगला झेललेला तोच पट्टा. विहिरीत आहे. लालसिंग माझ्या अंगावर आला. तिनेच त्याला आवरलं.

म्हणाली, "मले काऊन सांगता? त्याले सांगा."

मी वर पाहिलं.

"तुमी चढवला. तुमीच उतरवा."

७ मे, वर

पेन्सिलीने लिहितो आहे. लालसिंगचा पट्टा बांधून चढलो, त्याच्या दोराचा आकडा अडकवून घेतला. फळीवर बसलो आहे. वही खाली टाकणार आहे, फौजदारांना द्यावी. मी, वामन खोलकुटे, लिहून देतो की पतिरामने पट्टा लावला होता. दोष माझा. माझा एकट्याचा.

पतिरामची कडी फळीखाली दिसते आहे. आकड्यात. चामड्याचा तुकडा अजून चिकटलेला. मी आलो तेव्हा आवाज बंद झाला. दोर मात्र खाली ताणलेला आहे आणि

ओढला तर जड आहे.

वर येतो आहे. मी ओढत नाही, तरी येतो आहे —

दोन हात. फळीच्या कडेला. बोटांना चुना लागलेला. मी पाहत नाही. वहीत पाहतो. लिहीत राहतो म्हणजे —

फळी वाकली. शेजारी बसला आहे. मान खाली घालून. म्हणतो, चुकी झाली बाबू, ध्यान नाही राहिलं. तो माझी माफी मागतो आहे. माझी —

सांगितलं. सगळं मोठ्याने सांगितलं. तू लावला होतास. तू बरोबर होतास. मी खोटं बोललो.

खाली सगळे वर बघताहेत. दुर्पता उभी राहिली आहे.

आता त्याने मान वर केली. राग नाही. राग असता तर बरं होतं. म्हणतो,

"मंग मी घरी जाऊ?"

जा म्हटलं. जा रे बाबा. त्याने माझा हात धरला आहे. हात खरखरीत आहे, गरम आहे, जिवंत माणसासारखा. एकट्याने उतरता येत नाही म्हणतो. मी शिडीकडे दाखवलं. तो तिकडे बघतच नाही. त्याला खाली जायची एकच वाट ठाऊक आहे, फळीच्या टोकावरून —

माझा आकडा त्याने काढलेला नाही. तो वाट पाहतो आहे. मीच काढायचा असं —

हात सोडवता येईल मला. तो घट्ट धरून नाही. पण त्याला पुन्हा एकट्याला

खाली लालसिंग ओरडतो आहे, नका, बाबू, नका. आकडा काढला. वही टाकतो. लालसिंग, फौजदारांच्या आधी ही दुर्पताला कोणाकडून तरी वाचून दाखवायला लाव, तिला ऐकू दे की तो घरी —